मावशीची गोळी

काचीगुड्याच्या माझ्या मावशीला आमवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की चहाचा कपही धरवत नाही. होळीला कुणीतरी तिला भांगेची गोळी आणून दिली. म्हणे, “नैसर्गिक आहे, प्रतिकारशक्ती वाढते.” मी मायक्रोबायोलॉजीला, म्हणून तिने मलाच विचारलं, “घेऊ का गं?”

गोची त्या वाक्यातच आहे. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती वाट चुकून आपल्याच सांध्यांवर चाल करून जाते. ती आणखी वाढली तर मावशीचे हालच!

प्रत्यक्षात होतं बरंचसं उलटं. भांग-गांजातल्या टीएचसीसारख्या रसायनांना कॅनाबिनॉइड म्हणतात. आपलं शरीरही तशी रसायनं बनवतं. त्यातलं पहिलं १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या गटाला डुकराच्या मेंदूत सापडलं. नाव ठेवलं ‘आनंदामाइड’, संस्कृतातल्या ‘आनंद’वरून. (आपल्या मंडळाच्या अंकात हे सांगायलाच हवं.) पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी सीबी२ हा रिसेप्टर ओळखला. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप समजा. सीबी२ मुख्यतः प्लीहेत, टॉन्सिलमध्ये, पांढऱ्या पेशींवर असतो. टीएचसीची किल्ली त्यात बसली की या पेशी दाह पसरवणारे रासायनिक निरोप कमी पाठवतात, असं प्रयोगशाळेत दिसतं.

मग आमवाताला बरंच की! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या ५८ रुग्णांच्या चाचणीत भांगेच्या अर्काचा तोंडात मारायचा फवारा पाच आठवडे वापरून पाहिला. वेदना थोड्या कमी झाल्या, झोप सुधारली. पण सांध्यांची झीज थांबली का, ते पाच आठवड्यांत कळणार कसं? शिवाय तो फवारा मोजून दिलेला होता. होळीच्या गोळीत किती काय आहे, ते वळणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणि शांत केलेला पहारेकरी चोर आला तरी शांतच राहतो. टीएचसी दिलेल्या उंदरांना लेजिओनेला जिवाणूंशी नीट लढता आलं नाही. गांजा ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यावर अॅस्परजिलस बुरशी असू शकते, आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांच्या फुप्फुसात ती घर करते.

मावशी आधीच मेथोट्रेक्सेट घेते, तेही प्रतिकारशक्तीला आवर घालायलाच. त्यावर हे दुसरं ओझं डॉक्टरांना न विचारता नको, एवढंच मी तिला सांगितलं. गोळी अजून फ्रिजमध्ये, चिंचेच्या बरणीमागे आहे. मंगळवारी दवाखान्यात जाताना ती सोबत नेणार म्हणतेय, “डॉक्टरांना दाखवते तरी!”