हस्तलिखितांनी तारलेले पुराण

ज्या घरात ज्ञानेश्वरीचे पारायण चालते, त्या घरातील मुलांना ओवी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु याच ओवीत येशू ख्रिस्ताचे चरित्र गाणारे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे एक पुराण आहे आणि ते एका इंग्रजाने रचले आहे, हे आपल्या सीमाभागातील पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तेथील लोक घरी कोकणी बोलत. पुराण मात्र मराठीतून ऐकत. आम्हां कोकणीभाषकांस याचे नवल वाटत नाही. बेळगाव-खानापूरकडील आमच्या कित्येक घरांत चुलीपाशी कोकणी आणि पाटीवर मराठी, अशीच वाटणी असते. स्टीफन्सने ही रीत नेमकी ओळखली : व्याकरण लिहिले ते कोकणीचे, काव्य रचले ते मराठीत. आम्हांलाही पुराण हवे, ही मागणी ग्रंथारंभी त्याने एका ब्राह्मणाच्याच तोंडी घातली आहे.

हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. देशी लिपीत छापण्याची त्याची इच्छा होती. १६०८ मध्ये त्याने आपल्या संघाच्या प्रमुखास पत्र लिहून तशी परवानगी मागितली. अडचण होती ती खिळ्यांची. युरोपास चोवीस अक्षरे पुरत. येथे जोडाक्षरे धरून सहाशे साचे लागत. तेव्हा रोमन अक्षरांवरच भागवावे लागले. पण ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद त्याने सोडला नाही. ‘ण’साठी तो ‘न’चे अक्षर दोनदा लिही. एवढी कदर पुढच्या अनेकांनी केली नाही.

१६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. नंतर मात्र वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत ज्ञात नाही.

मग पुराण वाचले कसे? ते वाचकांनी वाचविले! गोव्याहून कानडा जिल्ह्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या प्रती हाताने उतरून घेतल्या, त्या वाचल्या व गायिल्या. अकरा हजार ओव्या बोरूने उतरणे म्हणजे काय, हे ज्याने शंभर ओळी शुद्धलेखन लिहिले असेल त्यास विचारावे. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरास ग्रंथ पुन्हा रोमन लिपीत छापविला. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले. त्याची शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर आहे.

देवनागरीत छापलेले पुराण हाती येण्यास १९५६ साल उजाडले. प्रा. शांताराम बंडेलू यांनी पुण्यात ती आवृत्ती काढली. पहिल्या छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी!

मराठीची थोरवी गाणाऱ्या स्टीफन्सच्या चार ओव्या पुष्कळांना पाठ असतात. तेवढ्यावर थांबू नये, असे आम्हांस वाटते. ‘दुसरे पुराण’ उघडून काना गावच्या लग्नाची कथा काढावी, आणि ती मनात नव्हे, तर मोठ्याने, घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू जाईल अशी वाचावी.