सेल्टिकचा कर्णधार : बिली मॅकनील

स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातील सेल्टिक या फुटबॉल क्लबकडून 1957 पासून 1975 पर्यंत सुमारे 790 सामने खेळलेल्या बिली मॅकनील यांनी खेळाडू म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये दुसऱ्या कोणत्याही क्लबचा गणवेश कधी घातला नाही. या निष्ठेचे कौतुक करताना त्यांनी जिंकलेल्या चषकांकडेच आधी लक्ष जाते; तिचे खरे मोल मात्र त्या चषकांच्या आधीच्या वर्षांत शोधावे लागते.

लॅनार्कशर या कोळसा आणि पोलादाच्या पट्ट्यातील बेल्सहिल येथे 2 मार्च 1940 रोजी जन्मलेल्या मॅकनील यांचे आजोळ लिथुआनियातून तेथे येऊन स्थायिक झालेले होते. शालेय संघाकडून खेळताना सेल्टिकचे तत्कालीन प्रशिक्षक जॉक स्टीन यांनी त्यांना हेरले, आणि क्लबने त्यांना करारबद्ध करून काही काळ ब्लँटायर व्हिक्टोरिया या ‘ज्युनियर’ संघाकडे खेळायला पाठवले. स्कॉटलंडमध्ये ‘ज्युनियर’ या शब्दाचा वयाशी संबंध नसून, मुख्य व्यावसायिक लीगच्या बाहेरच्या स्थानिक फुटबॉलला तेथे हे नाव आहे.

1958 मध्ये मुख्य संघात आलेल्या मॅकनील यांच्या वाट्याला पहिले यश यायला सात हंगाम लागले. दरम्यान स्टीन डनफर्मलिन या क्लबकडे गेले, आणि 1961 च्या स्कॉटिश कप अंतिम लढतीत त्यांच्याच संघाने सेल्टिकला हरवले. त्याच वर्षी मॅकनील यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात इंग्लंडने वेम्ब्लीवर स्कॉटलंडचा 9-3 असा धुव्वा उडवला. त्या काळी करार संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहत असे आणि क्लबच्या संमतीशिवाय त्याला अन्यत्र खेळता येत नसे, त्यामुळे निष्ठेत सक्तीचाही काही अंश होता हे मान्य करावे लागते. तरीही पराभवाच्या या दीर्घ काळात संघाचा कणा होऊन उभे राहणे केवळ नियमाच्या बंधनाने साधत नाही.

मार्च 1965 मध्ये स्टीन व्यवस्थापक म्हणून परतले, आणि पुढच्याच महिन्यात स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात, पुन्हा डनफर्मलिनविरुद्ध, बरोबरी असताना कॉर्नर किकवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर, मॅकनील यांनी उंच झेप घेऊन डोक्याने निर्णायक गोल केला. ते ‘सेंटर-हाफ’ होते. गोलरक्षकासमोर बचावाच्या मध्यभागी उभे राहून उंचावरून येणारे चेंडू डोक्याने परतवणे हे या खेळाडूचे मुख्य काम. मोठ्या सामन्यांत हेच कौशल्य ते प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर वापरत. मार्च 1967 मध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाच्या वोइवोदिना संघाला अखेरच्या क्षणी बाहेर काढणारा गोलही असाच डोक्याने झाला.

त्या गोलामुळे लिस्बनमधील अंतिम सामन्याची वाट खुली झाली. 25 मे 1967 रोजी तेथे इटलीच्या इंटर मिलानने सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर आघाडी घेतली, पण सेल्टिकने अखंड आक्रमण करून सामना 2-1 असा जिंकला आणि मॅकनील हे युरोपियन कप उंचावणारे ब्रिटनमधील पहिले कर्णधार ठरले. त्या संघातील सगळे खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून सुमारे 30 मैलांच्या परिसरात जन्मलेले होते, आणि ग्लासगोच्या पूर्व भागातील गरिबांच्या अन्नासाठी निधी उभारावा म्हणून 1887 मध्ये स्थापन झालेल्या क्लबसाठी ही गोष्ट चषकाइतकीच अभिमानाची आहे. 1966 पासून 1974 पर्यंत सलग नऊ वेळा लीगचे विजेतेपदही या संघाने मिळवले.

स्कॉटिश कप जिंकून 1975 मध्ये निवृत्त झालेले मॅकनील 1978 मध्ये सेल्टिकचे व्यवस्थापक झाले, परंतु मानधनाच्या प्रश्नावरून संचालकांशी मतभेद होऊन 1983 मध्ये त्यांना मँचेस्टर सिटीकडे जावे लागले. ज्या माणसाने आपली सारी उमेदीची वर्षे दिली, त्याच्याशी क्लबने अधिक उदारपणे वागायला हवे होते. 1987 मध्ये ते परतले आणि शतक महोत्सवी हंगामात त्यांनी सेल्टिकला लीग व स्कॉटिश कप असे दोन्ही मान मिळवून दिले.

त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे कुटुंबाने 2017 मध्ये जाहीर केले आणि 22 एप्रिल 2019 रोजी त्यांचे निधन झाले. हा आजार कशामुळे झाला हे एका व्यक्तीच्या बाबतीत ठामपणे सांगता येत नाही. मात्र त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या आजारांनी त्यांचा मृत्यू होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले, आणि 2020 मध्ये स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने लहान मुलांच्या सरावात चेंडू डोक्याने मारण्यावर निर्बंध आणले.