डोहाळजेवण लेकीचं, आई मात्र चुलीपाशी!

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट आहे. माढा तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही डोहाळजेवणाला गेलो होतो. निमंत्रण सकाळी अकराचं. अंगणात मांडव, मांडवात फुलांनी मढवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीतली, फुलांचे दागिने घातलेली लेक. सातवा महिना लागलेला. सगळं कसं नीटनेटकं. पण विहीणबाईंची जीप यायला दीड वाजला. "ओटी भरल्याबिगर पोरीनं तोंडात काही घालू नये," असं कुणीतरी जाणत्या बाईनं सकाळीच सांगून ठेवलेलं. पोर साडेदहापासून तशीच बसलेली. पावणेदोनच्या सुमाराला तिचा चेहरा पांढरा पडला, झोपाळ्याची साखळी धरून ती एकदम वाकली. घेरी आली होती. सावलीत निजवलं, साखरपाणी दिलं, तेव्हा घटकाभरानं हुशारी आली.

आणि तिची आई कुठं होती म्हणता? मागच्या पडवीत भजी तळत होती. हातातलं बेसनाचं पीठ तसंच घेऊन धावत आली, लेकीच्या कपाळावरनं हात फिरवला आणि पाहुणे खोळंबलेत म्हणून पुन्हा कढईपाशी गेली. त्या दिवसाचे पुष्कळ फोटो निघाले. एकाही फोटोत आई नाही.

वाचकहो, आपल्या भागात हे घरोघरी असंच चालतं. डोहाळजेवण म्हटलं की पुरणपोळी, मसालेभात, भजी, कुरडया-पापड, पंचपक्वान्नं, आणि सगळं त्याच सकाळी, ऊन-ऊन. पन्नास माणसांचा स्वयंपाक चार बायका पहाटे चारपासून रांधतात. ताट वाढायला तीन वाजतात. जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती उपाशी आणि जिनं तिला जन्म दिला ती धुरात. ताटाला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं इतकंच, की ताटाच्या आधी पुढं करायचा थोडा खाऊ चार-आठ दिवस अगोदरच करून डब्यात भरून ठेवा. पाहुणे येतील तसं हातावर ठेवता येतं, पोरीला वेळेवर दोन घास मिळतात, आणि आईला ओटीच्या वेळी बाहेर येऊन बसता येतं.

आता हा खाऊ कोणता? शहरातल्यासारखं केकच्या आणि पॅटीसच्या मागं लागायचं काही कारण नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात टिकणारे पदार्थ जितके आहेत, तितके क्वचितच कुठं असतील. वर्षानुवर्षं दुष्काळ काढलेली ही माणसं, दोन-दोन दिवस प्रवास करणारी, रानात मुक्कामाला राहणारी. त्यांच्या शिदोरीतच सगळं आहे.

पहिला मान कडक भाकरीचा. पन्नास पाहुण्यांना पंचवीस भाकरी रग्गड होतात, कारण एकीचे चार तुकडे करायचे. ज्वारी मालदांडी असली तर उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नव्हे. पीठ मात्र ताजं दळून आणा, जुन्या पिठाला चिकी राहत नाही आणि भाकरी थापताना तुटते. पिठात मीठ आणि मूठभर तीळ घालून गरम पाण्यानं मळा, नेहमीपेक्षा निम्मी पातळ थापा. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून झाली की आच अगदी मंद करा आणि फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक होईस्तोवर शेकत राहा. इथं घाई केली की मधला भाग ओलसर राहतो आणि तिसऱ्या दिवशी बुरा धरतो. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठ दिवस आधी केली तरी बिनघोर. हात नसतील तर विकत घ्या, सोलापुरात घरोघरी बायका करून विकतात, त्यात कमीपणा कसला?

तिच्या जोडीला शेंगाचटणी. एक किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं पाखडून, लसूण, जिरं, मीठ आणि तिखट घालून उखळात कुटायची. मिक्सरमध्ये कोरडा भुगा होतो, उखळात तेल सुटतं. ते तेल सुटलं की चटणीचा गोळा होतो आणि तोच खरा सोलापुरी. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, मग महिनाभर टिकते. दाणे निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरसट वासाचे दाणे बाजूला काढा. एखादा दाणा चावून कडू लागला तर पुन्हा सगळे नीट निवडून घ्या. ओल लागलेल्या शेंगेवर जी बुरशी धरते तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही. पोटुशीसाठी एक वाटी कमी तिखटाची वेगळी काढून ठेवा. सातव्या महिन्यात जळजळ किती होते ते ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. दह्याबरोबर दिली की तिलाही सोसते.

गोडाला शेंगापोळी. पुरणपोळीचं पुरण दुसऱ्या दिवशी आंबायची भीती, शेंगापोळी आठ दिवस हलत नाही. एक किलो दाण्यांच्या बारीक कुटाला पाऊण किलो किसलेला साधा गूळ, थोडे भाजलेले तीळ आणि वेलदोडा. चिक्कीचा गूळ घेऊ नका, पोळी दगड होते. कूट आणि गूळ एकत्र कुटून एकजीव करा. कणकेत दोन चमचे बेसन आणि कडकडीत तेलाचं मोहन घाला, पारी घट्ट मळा, पातळ लाटून मंद आचेवर भाजा. तीस-पस्तीस पोळ्या निघतात. भाजल्यावर एकावर एक न रचता कागदावर पसरून गार करा, वाफ कोंडली की मऊ पडतात. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी करून ठेवा. वाढताना चार तुकडे आणि वर तुपाची धार.

दोन दिवस आधी भडंग. एक किलो चुरमुरे उन्हात कडकडीत वाळवा, तेलात लसूण-कढीपत्ता-दाणे परतून, हळद-तिखट-मीठ आणि चवीला पिठीसाखर घालून कालवा. पैशाला स्वस्त, पोरांना आवडतं आणि जीप दोन तास उशिरा आली तरी पाहुण्यांची तोंडं हलती राहतात.

आदल्या दिवशी मेथीच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. कणीक, थोडं बेसन, बारीक चिरलेली मेथी, ओवा, तीळ. वाटीनं लहान लहान कापा, म्हणजे एका घासाला एक. पीठ घट्ट असू द्या आणि तळताना आच मध्यम ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वातड होत नाहीत.

कोथिंबीर वडीचं मात्र जरा सांभाळून. पुष्कळ जणी आदल्या रात्री उंडे उकडून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कापून तळतात. घरात फ्रिज असेल तर ही युक्ती फार चांगली. पण वैशाखात, रात्रीसुद्धा घर तापलेलं असताना, फ्रिज नसेल तर ते उंडे सकाळपर्यंत चिकट होतात, आंबूस वास मारतात. मग काय करायचं? कोथिंबीर आदल्या दिवशी निवडून, धुऊन, कोरडी करून ठेवा आणि उंडे त्याच दिवशी सकाळी उकडा. वीस मिनिटांचं काम. तळायला घरातल्या एखाद्या दिराला किंवा भाच्याला बसवा. गावजेवणात आचारी पुरुषच असतात की नाही? मग घरातच काय बिघडतं?

आणि काही गोष्टी आधी करूच नका. ओल्या नारळाची चटणी, दहीवडे, बटाट्याचं सारण, खव्याची मिठाई. उन्हाळ्यात ह्यांना चार तास पुष्कळ झाले. मोड आलेली मटकी-मूग द्यायचे तर आपण कच्चे खातो तसे पोटुशीला देऊ नका, वाफवून द्या. फळं ऐनवेळी कापा. सांगोल्याकडचं डाळिंब, पंढरपूरकडचे बेदाणे, फुटाणे, ह्यांना तर रांधायचंच काही नाही, वाट्यांत भरून ठेवले की झालं.

चहाचं एक सांगतो. आपल्याकडं पाहुणा टेकला की कपबशी पुढं. पण पोटुशीला खाण्याबरोबर चहा नको. अन्नातलं लोह अंगी लागायला चहा आडवा येतो आणि लिंबू मदत करतं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस घ्यायला सांगतात. त्या गोळीबरोबरही चहा नको. म्हणून त्या दिवशी लिंबाचं सरबत करा, चहा तासाभरानं. तिची साखर किंवा रक्तदाब वाढलाय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर शेंगापोळी तिला चवीपुरतीच द्या, आणि खारवलेले पापड-लोणची लांब ठेवा. "एक दिवसानं काय होतंय," म्हणत प्रत्येक जण घास भरवतो आणि तिला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचं काम आईनं किंवा सासूनं करावं.

घास भरवण्यावरून आठवलं. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि पोरीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून सगळे हसतात. पण पहिली मुलगी असलेल्या एका सुनेनं बर्फीची वाटी उघडली तेव्हा मांडवात जी शांतता पसरली, ती आम्ही पाहिलीय. तिचा हात झाकणावरच राहिला. गर्भाचं लिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्रानं 1988 साली कायदा केला, देशाचा कायदा 1994 साली आला, सोनोग्राफीच्या दाराशी पाटी असते. आणि मांडवात आपण वाटी झाकून तोच प्रश्न विचारतो! दोन्ही वाट्यांत शेंगापोळीचे तुकडे ठेवा. खेळ खेळा, प्रश्न गाळा.

आणखी एक, जरा अवघड आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या माढ्याच्या घरी चटणी कुटली होती पोरीच्या आत्यानं. चटणीला गावात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती विधवा. ओटीच्या वेळी ती आपणहून चुलीमागं जाऊन बसली. कुणी 'जा' म्हणालं नाही, तसं कुणी 'थांब' असंही म्हणालं नाही. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, पुढं सरकारनंही परिपत्रक काढलं. ठराव आपल्या मांडवात यायला फार मोठं काही लागत नाही. "आत्याबाई, चला, आधी तुम्ही भरा ओटी," एवढं पोरीच्या आईनं म्हटलं तरी पुरे. पण त्यासाठी आई मांडवात असायला हवी ना!

म्हणून त्या दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. सकाळी नऊला पोरीला नेहमीसारखी न्याहारी द्या, भाकरी-भाजी, दूध, जे ती रोज खाते ते. ओटीसाठी उपाशी राहायचं असलं काही शास्त्र नाही. अकराला पाहुणे यायला लागले की भडंग, पुऱ्या, कडक भाकरी-चटणी आणि सरबत मांडवातल्या एका टेबलावर मांडून ठेवा, वर जाळीचं झाकण. वाढायला घरातली मोठी पोरं. विहीणबाई यायच्या तेव्हा येऊ देत. आल्या की त्यांच्याही हातावर तेच ठेवा, लांबून आलेल्या असतात, भुकेल्या असतात. मग ओटी, मग गाणी, आणि पंगत तासभर उशिरा बसली तरी कुणाचं काही अडत नाही. गरम म्हणून फक्त वड्या तळायच्या आणि भात लावायचा. पंगतीचं ताटही मग आपोआप आटोपशीर होतं, कारण अर्धी भूक आधीच भागलेली असते.

खर्चाचं म्हणाल तर दाणे, गूळ, ज्वारी, चुरमुरे, मेथी, बहुतेक घरचंच. भाकरी करायला शेजारणींना दोन दुपारी बोलवा. हे काम गप्पांत होतं, पहाटे चारच्या धावपळीत होत नाही.

उरलेली कडक भाकरी मात्र पाहुण्यांबरोबर वाटून टाकू नका. सातव्या-आठव्या महिन्यात पोरीला रात्री-अपरात्री भूक लागते, आणि कुणाला उठवायचं म्हणून ती पाणी पिऊन पडून राहते. सहा-सात भाकरी, चटणीची वाटी आणि मूठभर बेदाणे एका डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि डबा तिच्या उशापाशी ठेवा.