खिशातल्या संगणकाचा सातबारा

नोकियाच्या एन९००ची स्क्रीन बाजूला सरकवली, की खालून तीन ओळींचा कीबोर्ड बाहेर येतो. २००९च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलेल्या या यंत्रावरून फोनही करता यायचा, पण कंपनी त्याला ‘मोबाइल संगणक’ म्हणायची. ते खोटं नव्हतं. आत लिनक्सवर बेतलेली मेमो ५ ही प्रणाली, ६०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ३२ जीबी साठवण.

२०११च्या फेब्रुवारीत नोकियानं विंडोज फोनची वाट धरली आणि मेमो मागे पडली. आज तिचा मूळ ब्राउझर उघडला, तर बरीच संकेतस्थळं त्याला दारातूनच परत पाठवतात. एन्क्रिप्शनच्या नव्या पद्धती त्याला येत नाहीत. बटणं शाबूत, स्क्रीन शाबूत, तरी यंत्र अडगळीत.

मग नवं लिनक्स टाकावं की! पीसीवर ते सहज जमतं, कारण पीसीचे बरेच भाग स्वतःची ओळख सांगतात. यूएसबीला माउस जोडला, की तो आपला निर्माता नि मॉडेल कोणतं ते क्रमांकांत कळवतो. खिशातल्या यंत्रातले बहुतेक भाग मात्र मुके. एन९००मध्ये बॅटरीत किती चार्ज उरलाय हे मोजणारी चिप ‘आय-टू-सी’ नावाच्या दोन तारांच्या मार्गावर बसलेली असते. कीबोर्डखालचे दिवे सांभाळणारी चिपही त्याच मार्गावर. बॅटरीवाल्या चिपचा पत्ता हेक्साडेसिमल मोजणीत ५५. कर्नलनं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानं, त्या पत्त्यावर हाक मारली तरच ती ओ देते. पत्ता ठाऊक नसेल, तर चिप असून नसल्यासारखी.

पूर्वी हे पत्ते प्रत्येक यंत्रासाठी कर्नलमध्येच सी भाषेत लिहिले जायचे. एआरएम प्रोसेसरची यंत्रं वाढली, तसा हा पसारा इतका माजला, की २०११मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर वैताग काढला. पुढे एआरएमसाठी ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत रुळली. हा यंत्राचा सातबाराच समजा. शेताच्या उताऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र, पीक लिहिलेलं असतं. इथे कोणती चिप कुठे बसली आहे, हे लिहिलेलं असतं. एन९००च्या उताऱ्यात एक नोंद आहे: प्रोसेसरच्या पिनांच्या तिसऱ्या गटातली ७ क्रमांकाची पिन सांगते, कीबोर्ड उघडा आहे की बंद. कॅमेऱ्याच्या झाकणाचीही अशीच वेगळी नोंद आहे.

उतारा जागा सांगतो. चिपशी बोलायचं कसं, ते ड्रायव्हर जाणतो. एन९००ची टचस्क्रीन दाबावर चालते. लेखणी टेकली, की दोन पातळ थर एकमेकांना चिकटतात आणि त्या ठिकाणचा व्होल्टेज मोजून जागा ठरते. तो आकडा चिपकडून घेऊन कर्नलला समजेल असा करणं, हे ड्रायव्हरचं काम. उतारा आणि असे ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेले, म्हणूनच २०१७मध्ये सुरू झालेली पोस्टमार्केटओएस किंवा मेमोचं रूप जपणारी मेमो लेस्टे या प्रणाली एन९००वर चालू शकतात.

सगळंच मात्र साधत नाही. २५६ एमबीत आजचा ब्राउझर गुदमरतो. पण खरं अडतं ते ग्राफिक्सपाशी. बॅटरी मोजणाऱ्या चिपची माहितीपुस्तिका तिच्या निर्मात्यानं सर्वांसाठी खुली ठेवली होती. याच यंत्रातल्या पॉवरव्हीआर या ग्राफिक्स भागाच्या ड्रायव्हरचा कळीचा हिस्सा मात्र बंद फाइलच्या रूपातच मिळाला. कर्नल बदलला, की त्या फाइलशी जुळवून घेण्याची कसरत पुन्हा नव्यानं.

दोन्ही भाग एकाच जुन्या यंत्रातले. एक नव्या कर्नलशी सहज बोलतो, दुसरा अडखळतो. फरक वयाचा नाही, कागदपत्रांचा आहे.