शेतकरी, नौसैनिक आणि सुतार

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर ता. २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या राजकारणाचा ऊहापोह इतरत्र पुष्कळ झाला आहे. आम्हांस येथे सांगावयाचे ते त्यांच्यातील शेतकऱ्याविषयी व सुताराविषयी.

जॉर्जिया प्रांतात प्लेन्स गावाजवळ वडिलांच्या शेतावर ते वाढले. तेथेच अवजारे दुरुस्त करता करता लाकूड व लोखंड यांचे काम त्यांच्या अंगवळणी पडले. १९४६ साली नौदलाच्या विद्यालयातून उत्तीर्ण होऊन ते पुढे पाणबुडीवर अधिकारी झाले. १९५३ साली वडील वारले, तेव्हा ती नोकरी सोडून त्यांनी भुईमुगाची शेती व व्यापार हाती घेतला. पुढच्याच वर्षी अवर्षण झाले व पदरात फारसे काही पडले नाही. तरी त्यांनी गाव सोडले नाही.

१९८१ साली अध्यक्षपद गेले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांस सुतारकामाची हत्यारे भेट दिली. त्यांवर त्यांनी खुर्च्या, मेजे, पाळणे घडविले. १९८४ पासून ते पत्नीसह गरिबांची घरे बांधण्यास जाऊ लागले. २००६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, आपल्या लोणावळ्याजवळही त्यांनी या कामास हात लावला.

शिकलेल्या मुलाने रंधा धरल्यास घराण्यास कमीपणा येतो, असे मानणारे आपल्यात थोडे नाहीत. कार्टर यांचे पद चार वर्षांत संपले. हातचे कसब मात्र नव्वदी उलटल्यावरही कामी आले. आमच्या शेतकरी बंधूंनी मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर करवत व पटाशीही द्यावी.