एका वेळची मदत आणि शेवटपर्यंतची सोबत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा लातूर जिल्ह्याकडे मदतीचा ओघ सुरू झाला. धान्य व कपडे पोहोचले. पुढे घरेही उभी राहिली. परंतु वैधव्य, अपंगत्व आणि एकाकीपण यांवर एका दिवसाच्या दानाचा इलाज नसतो. तेथे कोणीतरी पुनःपुन्हा दारी जावे लागते. आज नांदेड व लातूर शहरांतील वस्त्यांतही हीच गरज आहे.

समाजकार्यात या पद्धतीस ‘प्रकरण व्यवस्थापन’ म्हणतात. शब्द कोरडा आहे. अर्थ साधा आहे. एका गरजूची जबाबदारी एका कार्यकर्त्याने घ्यावयाची, त्याचे म्हणणे ऐकावयाचे, गरजांचा क्रम त्याच्याच संमतीने ठरवावयाचा, योग्य कार्यालयाशी त्याची गाठ घालून द्यावयाची आणि काम तडीस जाईपर्यंत पाठपुरावा करावयाचा. त्याने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हेही या सेवेचे अंग आहे.

समजा, मजुरीसाठी खेड्यातून नांदेडला आलेली एक विधवा आजारी पडली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा तिला आधार होऊ शकतो. २०२३ साली या योजनेची मासिक रक्कम १००० वरून १५०० रुपये झाली. मात्र पतीच्या मृत्यूचा दाखला गावी, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयात आणि बँक खाते आधारशी न जोडलेले, अशी तिची अवस्था असते. रोज बुडवून किती खेटे घालणार? हक्क कागदावर राहतो तो येथेच. सोबत जाणारा कार्यकर्ता हे दुवे जुळवितो. शिधापत्रिका गावाकडची असली, तरी तीत नाव असून आधार जोडलेला असल्यास शहरातील दुकानातही धान्य मिळू शकते, हेही तो तिला सांगतो.

छळ होत असलेल्या भगिनीसाठी १८१, संकटातील बालकासाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याने जखमीस केवळ मलमपट्टी केली नाही. त्याला उतारशाळेत नेले, खर्चाची तजवीज केली आणि परत येण्याचे वचन दिले. सेवेची पूर्णता त्या परत येण्यात आहे.

प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन जाणत्या व्यक्तींनी एक वही ठेवावी : कोणाचा कोणता अर्ज, कोणत्या तारखेस दिला, पुढे केव्हा विचारावयाचे. धर्म वा जात न पाहता शेजारच्या निराधाराचे नावही तीत असावे. या कामास पैसा थोडा लागतो. वेळ मात्र द्यावा लागतो. तो देण्याची आम्ही आपणांस कळकळीची विनंती करतो.