विक्री केंद्राला रंग द्यायचा म्हणता?

दसरा-दिवाळी जवळ आली की ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: यंदा आपल्या विक्री केंद्राला रंग द्यायचा. मग कुणी गुलाबी म्हणतं, कुणी पोपटी, आणि बैठक त्यातच संपते. माझं ऐकाल तर रंग कोणता हे सगळ्यात शेवटी ठरवा. पैसे वाचतात किंवा बुडतात ते त्याच्या आधीच्या गोष्टींत.

पहिली गोष्ट, गाळा कुणाचा? भाड्याचा असेल तर करार काढून मुदत बघा. बहुतेक करार 11 महिन्यांचे असतात. मुदत संपायला दोन महिने उरले असताना वीस हजार भिंतीत घातले आणि मालकाने भाडं वाढवलं, तर काय करणार? बसवलेला कडप्पा उपटून नेता येत नाही. म्हणून आधी करार वाढवून घ्या, तो नोंदवून घ्या, आणि त्यात लिहा की गळती-डागडुजी मालकाकडे, रंग आपल्याकडे आणि रॅक जाताना आपण नेणार. ग्रामपंचायतीचा गाळा असला तर भाऊसाहेब तोंडी "करा की ताई" म्हणाले एवढ्यावर थांबू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

पैशाचं थोडक्यात सांगते. फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी हे सभासदांना कर्ज द्यायला आहेत, भिंती रंगवायला नाहीत. खर्च केंद्राच्या नफ्यातून किंवा ठरवून काढलेल्या वर्गणीतून करा. ठरावात रकमेची मर्यादा लिहा आणि तीन जणांकडून दर मागवा, मग त्यात अध्यक्षांचा भाचा रंगारी असला तरी चालेल.

आता भिंत. सगळं घोडं इथेच अडतं. पावसाळाभर पाणी प्यालेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, पण आतून ओली असते. तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवला की थोड्याच दिवसांत फुगे येतात, पोपडे पडतात, आणि खाली ठेवलेल्या पापडाच्या पाकिटांवर चुरा सांडतो. ओल समजायची सोपी रीत आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतच आहे. बाहेरच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे, तिला खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय. भिंतीत ओल निघाली तर ती कुठून येते ते शोधा. पन्हाळीचं पाणी भिंतीवर पडतं का? मागे कुणाची मोरी आहे का? स्लॅबला चीर आहे का? ते दुरुस्त झाल्याशिवाय रंगाचा डबा आणू नका. रंगारी म्हणेल, "वॉटरप्रूफ रंग मारू, काळजी नको." मला ते पटत नाही. बाहेरचं पाणी चालू ठेवून आतून झाकलं तर ते दुसरीकडून वर येतं. फार घाई असेल तर यंदा नुसता चुना मारून दिवाळी काढा आणि रंगाचं काम उन्हाळ्यात धरा. चुन्यातून भिंतीला वाळता येतं, ऑईलपेंटखाली नाही.

भिंत वाळेपर्यंत एका बाजारच्या दिवशी दारात बसून बघा. गिऱ्हाईक कुठवर येतं? टेबल, रजिस्टरचं कपाट आणि बैठकीच्या सतरंज्या दारातच असल्या तर आत कार्यालय आहे असं समजून बायका परत फिरतात. माल पुढे, कागद मागे. चटण्या आणि पापड डोळ्यांच्या उंचीला ठेवा, पण ऊन लागेल तिथे नको. रॅक भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा. फळ्या आणि दिवे कुठे येणार हे ठरलं की वायरिंग करून घ्या, कारण रंगानंतर भिंत फोडली तर ठिगळ दिसतंच.

माप स्वतः घ्या. 10 बाय 12 ची खोली, उंची 9 फूट. चार भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले 9 म्हणजे 396 चौरस फूट. दाराचे 21 आणि खिडकीचे 12 वजा करा, राहिले 363. छताचे 120 वेगळे. रंगारी दर फुटावर सांगतो, तेव्हा हा आकडा आपल्या वहीत हवा. दर मालासकट की नुसत्या मजुरीचा, आणि हात किती, एक की दोन, हेही लिहून घ्या.

आता रंग! आत फिका घ्या, उजेड वाढतो. बैठकीला जिथे पाठी टेकतात तिथे, भिंत कोरडी असेल तरच, तीन फुटांपर्यंत ऑईलपेंटचा पट्टा द्या, तो पुसता येतो.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी. 2022 पासून दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही हा नियम आहे, आणि दुसऱ्या भाषेची अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. खाण्याचा माल असेल तर अन्न परवान्याचं प्रमाणपत्र दिसेल असं लावा. रंग देताना ते उतरवतात आणि मग महिनोन्महिने कपाटात पडून राहतं.

उरलेला रंग रंगाऱ्याला देऊन टाकू नका. डब्याच्या झाकणावर रंगाचा नंबर आणि तारीख लिहून तो माळ्यावर ठेवा.